विषय: शरणपूरची जुनी दफनभूमी – प्रेशर वॉशर आणि सिमेंट?

मंडळी, नमस्कार.
नाशिकमधल्या शरणपूरच्या जुन्या दफनभूमीच्या दुरुस्तीसाठी परदेशातल्या आपल्या मंडळाने प्रेशर वॉशर आणि सिमेंटचा खर्च उचलावा, असा प्रस्ताव आला आहे. डिसेंबरात सुट्टीवर येणारे सभासद श्रमदानही करतील. नाशिककरांनी कृपया सांगावं, आणखी काय लागेल? पैसे कसे पाठवायचे?
– सचिव

---

सचिवताई,
वॉशर आणि सिमेंट, दोन्ही यादीतून काढा. जुन्या संगमरवराचा पृष्ठभाग पावसाने झिजून साखरेसारखा रवाळ झालेला असतो. जोराचा फवारा बसला की वरचा थर अक्षरांसकट जातो, आणि वाचवायची आहेत ती अक्षरंच. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेची १८५०च्या दशकातली वस्ती. गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुलं इथल्या शाळेत शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. अशा ठिकाणी एकेक नाव मोलाचं आहे.

म्हणून आधी प्रत्येक शिळेला नंबर आणि फोटो. सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, नाहीतर आरशाने बाजूने उजेड पाडा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका. पापुद्रा सुटत असेल तर त्या शिळेला पाणीसुद्धा नको. बाकीच्या साध्या पाण्याने भिजवून मऊ नायलॉन ब्रशने खालून वर घासा; वरून सुरुवात केली तर मळाचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. ॲसिड, ब्लीच, तारेचा ब्रश अजिबात नको.

विटांची थडगी चुन्यातली असतील तर दुरुस्तीही चुन्यातच. सिमेंट कडक असतं, ओल बाहेर पडू देत नाही. मग ती विटेतून वाट काढते, क्षार साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सांधे दोन-अडीच सेंमी खरवडून, भिजवून भरा: भिजवलेला चुना १ भाग, धुतलेली चाळलेली वाळू ३ भाग. जिथे ओल जास्त तिथे चुना १, सुरखी (विटांची पूड) १, वाळू २. वर ओलं गोणपाट किमान सात दिवस. डिसेंबरातली हवा कोरडी असते. गोणपाट सुकलं की चुना भुकटी होऊन गळतो.

सांध्यातला पिंपळ उपटू नका, अर्धा सांधा सोबत येतो. बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशने लावा, मुळं पूर्ण वाळल्यावरच काढा. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. १९७५चा कायदा आहे.

९० × ६० × ८ सेंमीची संगमरवरी शिळा सुमारे ११७ किलो भरते. हाताने उचलू नका. तिपाई, चेन पुली आणि कापडी पट्टे भाड्याने आणा. गवतात आधी काठी, मग पाय. गमबूट सगळ्यांना हवेत, कारण घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत.

---

पैशांबद्दल थोडं.
भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. परदेशी नागरिकांची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परदेशीच. परदेशात नोंदलेल्या आपल्या मंडळाच्या खात्यातली रक्कमही तशीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष काम करणाऱ्या विश्वस्त संस्थेचीच नोंदणी तपासा. नसेल, तर फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या खात्यातून थेट द्यावं आणि प्रत्येकाने स्वतःच्या नावाची पावती घ्यावी. एकाच्या खात्यात गोळा करून पाठवू नका.
– खजिनदार