सोलुनार अ‍ॅपवरच्या 'उत्तम' वेळा आणि कोकणातली खाडी: नक्की काय धरायचं?

नवागरवणारा, पुणे

नमस्कार मंडळी. मूळ गाव रत्नागिरीजवळ, नोकरी पुण्यात. या वर्षी मासे गरवायला रॉड घेतला आणि सुट्टीला गावी गेलो की भाट्याच्या खाडीवर बसतो. फोनवर एक सोलुनार अ‍ॅप आहे. ते रोज चंद्र-सूर्याच्या वेळांवरून दोन 'मेजर' आणि दोन 'मायनर' वेळा देतं आणि दिवसाला तारे देतं.

कार्तिकी पौर्णिमेला पाच पैकी पाच तारे होते, मेजर दुपारी साडेअकरा ते दीड. मी खास रजा टाकून गेलो. दोन तास उन्हात बसलो, सुरुवातीला काहीच नाही, नंतर पाणी इतकं ओढायला लागलं की शिसं तळाला ठरेना. एक टोचणीही लागली नाही. शेजारी एक आजोबा सकाळीच दोन तांबोश्या घेऊन घरी गेले होते.

ही तक्ते-पद्धत खरी आहे का? की आपल्याकडे चालतच नाही? पुढच्या रविवारी परत जायचं आहे.

कातळावरचा, रत्नागिरी

दादा, तुमची रजा वाया गेली याचं वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो. मी त्याच खाडीवर शाळेत असल्यापासून गरवतो. आमच्या आबांनी मला घड्याळाआधी तिथी बघायला शिकवली.

आधी तक्त्याबद्दल. जॉन आल्डन नाइट या अमेरिकन माणसाने १९२६ मध्ये शिकारी आणि मासे पकडणाऱ्यांच्या जुन्या समजुती गोळा केल्या आणि शेवटी तीनच गोष्टी धरून ठेवल्या: सूर्य, चंद्र आणि भरती-ओहोटी. चंद्र डोक्यावर असतो किंवा बरोबर पायाखाली पृथ्वीच्या पलीकडे असतो, ते मेजर, साधारण दोन तास. चंद्र उगवतो आणि मावळतो तेव्हा मायनर, साधारण एक तास. अ‍ॅपं आजही हेच देतात.

आता आपली गोष्ट. कोकणातला जुना हिशेब तुम्ही ऐकला असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मिनिटावर जाऊ नका, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पण हा हिशेब का जमतो? कारण तिथी म्हणजेच सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर, बारा अंशाला एक तिथी. भिंतीवरचं पंचांग हाही चंद्र-सूर्याचा तक्ताच आहे.

आणि इथेच तुमच्या अ‍ॅपचं गणित उलगडतं. आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती आणि चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली येण्याची वेळ जवळजवळ एकच पडते. म्हणून मेजर म्हणजे आपल्याकडे साधारण भरतीचा माथा, आणि मायनर साधारण ओहोटीचा तळ. ज्यांना मेजरमध्ये मासा लागतो त्यांना वाटतं चंद्राने दिला. मला विचाराल तर तो पाण्याने दिला.

खाडीत मासा पाणी चालतं तेव्हा खातो. भरतीच्या माथ्यावर पाणी उभं राहतं, गवत हलत नाही, फेस जागेवर फिरतो. त्या वेळी रिकामं बसावं लागतं. तुम्ही मेजर बघून गेलात तेव्हा तेच होतं. नंतर ओहोटी सुटली, पण ती उधाणाची ओहोटी. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस पाणी सगळ्यात जोरात येतं आणि जातं, गढूळ होतं, तंगूस (गरीची दोरी) वाकडी होते, आमिष तळाला राहत नाही. तारे मात्र त्याच दिवसांना जास्त मिळतात. आजोबा सकाळी चढत्या पाण्यात बसले, माथा यायच्या आत उठले. त्यांना काय करायचं ते माहीत होतं.

मला स्वतःला दशमी-एकादशी आवडते. अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे कमी जोराचं पाणी, सरलेला असतो, पाण्याला पुन्हा जोर यायला लागतो, पण उधाण अजून दूर असतं.

नवागरवणारा, पुणे

काका, कमाल आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! रविवारी कार्तिक वद्य एकादशी आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ. अ‍ॅपवर मेजर सकाळी पावणेआठ ते पावणेदहा आहे. मग बसू किती वाजता?

कातळावरचा, रत्नागिरी

बरोबर काढलंत. आता दोन्ही एकमेकांवर ठेवा. भरती सव्वाआठला धरली तर शेवटचा जोर सहा ते आठ. सूर्य सात वाजायच्या थोडा आधी उगवतो. म्हणजे झुंजुमुंजु आणि चढतं पाणी एकत्र आहे. सहाच्या आत गरी पाण्यात पाहिजे. अ‍ॅप ऐकून पावणेआठला पोचलात तर चांगला भाग गेलेला असेल. आठनंतर चहा प्या आणि नऊला ओहोटी सुटली की परत टाका. खाडीच्या तोंडावर जिताडा मासा बहुतेक याच वेळी हिंडतो, कारण आतली कोळंबी आणि बारकी बोय ओहोटीबरोबर बाहेर यायला लागतात. आमिषाला जिवंत कोळंबी असेल तर दुसरं काही बघू नका.

एक कळकळीचं सांगणं. मिऱ्याच्या बाजूला कातळावर जाऊ नका, निदान एकटे. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे अडकलो होतो. मासा लागत होता म्हणून मागे बघितलं नाही, आणि ज्या घळीतून आलो तिच्यात कमरेएवढं पाणी. पाणी उतरेपर्यंत वरच्या दगडावर बसून राहिलो, लाट पायाला लागत होती. तेव्हापासून निघायची वेळ आधी ठरवतो, बसायची नंतर.

जर्सीवाला, न्यू जर्सी

इथे समुद्रावर स्ट्राइप्ड बास धरतो, तिथे काकांचं अक्षर न् अक्षर लागू आहे, भरती-ओहोटीच पाहावी लागते. पण गोड्या पाण्याच्या तळ्यात भरती नसते, आणि तिथे माझा अनुभव असा की पहाट आणि संध्याकाळ चंद्रापेक्षा मोठी. हरणांच्या शिकारीचंही तसंच. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बंदूक चालवता येते, आणि हरणं हिंडतातही मुख्यतः त्याच संधिप्रकाशात. लोक चंद्राचा तक्ता खिशात ठेवतात, पण मचाणावर अंधार असतानाच चढतात.

तक्त्यावर विश्वास असणारे एक प्रयोग नेहमी सांगतात. १९५४ मध्ये फ्रँक ब्राऊन या जीवशास्त्रज्ञाने कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरची कालवं (शिंपल्यातले जीव) शिकागोजवळ, समुद्रापासून दूर, नेऊन ठेवली. दोनेक आठवड्यांनी त्यांची उघडझाप तिथल्या चंद्राच्या वेळेशी जुळायला लागली, असा त्याचा निष्कर्ष होता. पण नंतर त्याच्या आकडेमोडीवर जोरदार टीका झाली. त्यामुळे मी ते पुरावा म्हणून धरत नाही.

पाणवठा, नागपूर

मासे माझा विषय नाही, पण चंद्र आहे म्हणून लिहिते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तरी मचाण राहिलं. ताडोबा-मेळघाटात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजतात. मी बसले आहे. वैशाखात जंगलात पाणी थोड्याच जागी उरतं, म्हणून सगळी जनावरं तिथे येतात, आणि चांदणं असल्याने आपल्याला दिसतात. पौर्णिमेमुळे प्राणी जास्त हिंडतो असा त्याचा अर्थ नाही, पौर्णिमा आपल्या डोळ्यांसाठी आहे. वाघांची खरी मोजणी आता कॅमेरा ट्रॅपने होते. तरीही त्या रात्री गव्यांचा कळप पाणी पिऊन गेला, त्यानंतर मला झोप आली नाही.

कातळावरचा, रत्नागिरी

ताई, 'पौर्णिमा आपल्या डोळ्यांसाठी' हे फार पटलं. आमच्याकडे खेकड्यांबद्दल म्हणतात, अमावास्येला भरलेला, पौर्णिमेला पोकळ. मी विकत घेताना आजही तिथी बघतो.

नवागरवणारा, पुणे

मंडळी, जाऊन आलो. पावणेसहाला गरी पाण्यात. साडेसहाला पहिली टोचणी, सुटला. सात वाजून दहा मिनिटांनी तांबोशी, वितीपेक्षा थोडी मोठी. आठ वाजल्यापासून काकांनी सांगितलं तसं सगळं शांत, फेस जागेवर फिरत होता, मी पहिल्यांदाच तो नीट पाहिला. सव्वानऊला काहीतरी मोठं लागलं, तंगूस करकरली आणि पुलाच्या खांबाला घासून तुटली. हात अजून थरथरतोय.

काका, जिताडाच असेल का?

कातळावरचा, रत्नागिरी

खांबाकडे पळाला म्हणजे बहुतेक जिताडाच, नाहीतर गोबरा. जाडी किती घेतली होती तंगुसाची?