रेव्हिट मॉडेल: गच्चीवर इन्सुलेशन धरूनही एसीचा लोड हलत नाही

तापीकाठ: जळगावात जी+१ (तळमजला आणि वर एक मजला) बंगला. स्लॅब १२५ मिमी, वर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर). रेव्हिटमधून (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) जीबीएक्सएमएल फाइल काढून ओपनस्टुडिओत (ऊर्जेचं गणित करणारं सॉफ्टवेअर) घेतलं. गच्चीवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचे बोर्ड) धरलं तरी वरच्या मजल्याचा कूलिंग लोड, म्हणजे एसीला बाहेर काढावी लागणारी उष्णता, जिथल्या तिथे. ४५ डिग्रीच्या गावात हे कसं शक्य आहे? मालक म्हणतो, मग पैसे कशाला घालू?

ओळंबा: शक्य नाही भो, मॉडेल चुकलंय. हातानेच मांडून बघा. आहे त्या छताचा यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, जितका कमी तितकं चांगलं) साधारण २.३ येतो, ५० मिमी एक्सपीएसने ०.५. इको-निवास संहितेची (घरांसाठीची ऊर्जा-बचतीची नियमावली) मर्यादा १.२ आहे, म्हणजे आत्ताचं छत त्यातही बसत नाही.

रेव्हिटमध्ये रूमची अप्पर लिमिट (खोलीची वरची हद्द) तपासा. रूम स्लॅबच्या खालीच थांबली असेल तर स्लॅब त्या खोलीचं छत म्हणून जात नाही, नुसती ‘शेड’ म्हणून जातो. सावली देणाऱ्या पृष्ठभागातून उष्णता आत येतच नाही, मग त्याला काहीही चिकटवा. लिमिट स्लॅबच्या वर न्या, खोल्यांचं घनफळ मोजणारं ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ चालू करा. एनर्जी सेटिंगमध्ये ‘डिटेल्ड एलिमेंट्स’ला टिक नसेल तर तुमचे थर सोडून ठरावीक मटेरियल धरलं जातं.

गच्चीवरचा: ट्रू नॉर्थ (खरी उत्तर दिशा) पण बघा. प्लॅन कागदावर सरळ बसवण्याच्या नादात पश्चिमेची भिंत भलतीकडे जाते. आणि एक्सपोर्ट करताना ‘शेडिंग सरफेसेस’वाला पर्याय घ्या, नाहीतर छज्जे गळतात. पश्चिमेला त्यांचा भरवसा तसाही कमीच: मेमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य जेमतेम ३४ अंशांवर असतो, दीड फुटी छज्जा खिडकीवर फूटभर सावली टाकतो. तिथे बाहेरून जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावा.

तापीकाठ: रूम ३०० मिमी खाली थांबली होती. वाढवल्यावर लोड हलला. आता एक्सपीएस स्लॅबच्या वर की खाली?

ओळंबा: वरच. खालून लावलं तर खोलीला फायदा होतो, पण स्लॅब दिवसभर तापून फुगतो, रात्री आकसतो आणि वॉटरप्रूफिंगला तडे जातात. जुन्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांची मातीही वरच असायची.

क्रम असा: स्लॅब, उताराचा कोबा, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर ४०–५० मिमी स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची फरशी). बोर्डाच्या कडा एकमेकींवर चढणाऱ्या घ्या, सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. पॅरापेटच्या कडेला फट ठेवली की तिथून उष्णता खाली उतरते. बोर्ड उन्हात उघडे पडू देऊ नका, वाकतात. टाकले त्याच दिवशी झाका.