सायन्सच्या मुलांना कोर्स शोधायला कसं लावावं? (तासगाव तालुका)

मास्तर_तासगाव
अकरावी-बारावी सायन्सची मुलं. विचारलं की निम्मी 'कॉम्प्युटर' म्हणतात, बाकीची 'नीट देतो, मग बघू'. सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ
सर, कॉलेजच्या नावापासून नको. आधी विषय बघा. गणित सोडलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि एनडीएतलं हवाई दल, नौदल गेलं. बीफार्म आणि बीएस्सी ॲग्री मात्र पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित), पीसीबी (सोबत बायोलॉजी) दोन्हींना खुली आहेत. पालकसभेत हे ठासून सांगा.

'कॉम्प्युटर'वाल्यांना तीन सिलॅबस शेजारी ठेवून वाचायला लावा: बीटेक, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. बीटेकच्या पहिल्या वर्षाला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री पुन्हा मानगुटीवर बसतात. ज्याला त्यातून सुटायचंय त्याने तिकडे कशाला जावं? आणि बीसीए-बीबीएला 2024 पासून वेगळी सीईटी आहे. एमएचटी-सीईटीचा (इंजिनिअरिंग-फार्मसीची राज्याची परीक्षा) फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजून मुलं गाफील राहतात.

सातारारोड
कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. जात पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत टाका. निकालानंतर समितीकडे गर्दी उसळते. नॉन-क्रिमीलेअर (ओबीसी वगैरेंना लागणारं उत्पन्नाच्या मर्यादेचं प्रमाणपत्र) प्रवेशाच्या वर्षानंतरच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. मागच्या वर्षीचं जोडलं आणि नवं वेळेत दिलं नाही, तर पोरगं ओपनमध्ये जातं.

कराड_कट्टा
कटऑफ वाचायला शिकवा, नुसता पर्सेंटाइलचा आकडा दाखवू नका. कटऑफ यादीतल्या जागेच्या कोडमधलं शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीचा एल मुलींच्या जागांचा. सातारा-सांगलीत बारावी केली तर होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. नीटच्या क्लाससाठी लातूरला जाऊन तिथनं बारावी दिली, की ती बदलते. नंतर इंजिनिअरिंगला वळलेल्यांना हे फार उशिरा कळतं.

इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेज-ब्रँच निवडायचा अर्ज) पसंतीचा क्रम खरा ठेवा. 2025च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्या बंद. 'वर टाकून तर बघू' म्हणून नको असलेली ब्रँच पहिल्या नंबरवर टाकणारे इथेच अडकतात. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय आणि इस्लामपूरचं आरआयटी या तिन्ही इंजिनिअरिंग कॉलेजांचा ब्रँचवार कटऑफ मागच्या दोन वर्षांचा काढा. एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा नको, जागा वाढल्या की तो हलतो.

मास्तर_तासगाव
उपयोगी. एक दिवस मुलांना कॉलेजं दाखवायला न्यायचं म्हणतोय.

कृष्णाकाठ
वालचंद आणि बीएस्सीचं विलिंग्डन दोन्ही सांगलीच्या विश्रामबागेत, एका दिवसात होतात. प्राचार्यांचं स्वागताचं भाषण शक्यतो चुकवा (रागावतील, रागावू देत). दुसऱ्या वर्षाची मुलं लॅबमध्ये असतील तेव्हा जा आणि तीन गोष्टी विचारायला लावा: आठवड्याला प्रॅक्टिकल किती तास, सर्वांत जास्त मुलं कोणत्या विषयात नापास होतात, आणि फी सोडून वर्षाला खर्च किती येतो. उत्तरं वहीत तिथल्या तिथे उतरवून घ्या, एसटीत बसल्यावर कुणाला आठवत नाही.