ऑथेल्लोच्या शेवटच्या भाषणात ‘इंडियन’ की ‘जुडियन’? मराठीत कोणता पाठ धरावा?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. गंगापूर रोडवर आम्ही सात-आठ जण दर रविवारी एकत्र बसून नाटके वाचतो. शिरवाडकरांनी मराठीत आणलेले शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ हे नाटक वाचून झाल्यावर, मूळ इंग्रजी संहिता शेजारी ठेवून शेवटचे भाषण स्वतः मराठीत उतरवून पाहावे असे ठरले आणि तिथेच आम्ही अडलो. आपल्या पत्नीचा, डेस्डेमोनाचा, जीव घेतल्यावर ऑथेल्लो स्वतःची तुलना अशा एका माणसाशी करतो, की ज्याने आपल्या साऱ्या जमातीहून मोलाचा मोती स्वतःच्या हाताने फेकून दिला. माझ्या प्रतीत हा माणूस ‘इंडियन’ आहे, तर आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या प्रतीत तो ‘जुडियन’, म्हणजे यहूदीया प्रांतातला, आहे. दोन्ही आवृत्त्या जाणत्या संपादकांच्या आहेत, त्यामुळे एकीत छपाईची चूक आहे असे म्हणून सुटका होत नाही. शेक्सपिअरच्या हस्तलिखितावरून याचा निकाल लागतो का? आणि मराठीत आम्ही काय लिहावे?

खिळेजुळणी

हस्तलिखितावरून निकाल लागणार नाही, कारण या नाटकाचे हस्तलिखित उरलेलेच नाही. शेक्सपिअरच्या हातचे म्हणून आज सहा सह्या दाखवता येतात, आणि ब्रिटिश लायब्ररीतील ‘सर थॉमस मोर’ या नाटकाच्या हस्तलिखितातली तीन पाने त्याचीच असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाकी सारा आधार छापील पुस्तकांचा आहे.

ऑथेल्लो लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा छापला गेला. 1622 साली निकोलस ओक्सने थॉमस वॉकलीसाठी क्वार्टो छापली, म्हणजे कागदाच्या तावाला दोन घड्या घालून केलेले लहान पुस्तक. 1623 साली 36 नाटकांचा फोलिओ निघाला, त्यात तावाला एकच घडी. क्वार्टोत ‘इंडियन’ आहे आणि फोलिओत ‘जुडियन’. फोलिओत सुमारे 160 ओळी जास्त आहेत. उलट क्वार्टोतल्या पन्नासाहून अधिक शपथा आणि देवाधर्माचे उद्गार फोलिओत गाळलेले किंवा सौम्य केलेले दिसतात, कारण रंगभूमीवर देवाचे नाव असे घेण्यास 1606 च्या कायद्याने मनाई केली होती. इतके फरक एकाच प्रतीवरून छापताना होत नाहीत. दोन छापखान्यांपुढे दोन वेगळी हस्तलिखिते होती असेच मानावे लागते.

आता तो शब्द अक्षर अक्षर पाहा. त्या काळच्या छपाईत मोठ्या आय आणि जे या अक्षरांना एकच खिळा (छपाईचे धातूचे अक्षर) वापरत, त्यामुळे दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर कागदावर एकच दिसते. पुढे एका ठिकाणी एन आहे, दुसऱ्या ठिकाणी यू. तेव्हाच्या सेक्रेटरी वळणाच्या हस्ताक्षरात ही दोन्ही अक्षरे म्हणजे दोन आखूड उभ्या रेघा, आणि छापखान्यात एनचा खिळा उलटा बसला की यूच उमटतो. त्यानंतर उरतो तो आय आणि ई यांचा फरक. एवढ्या दोन अक्षरांवर हा सारा वाद उभा आहे.

माझे मत ‘इंडियन’च्या बाजूने आहे. त्या दहा अवयवांच्या (उच्चारातल्या तुकड्यांच्या) ओळीत हा शब्द दोन अवयवांत सहज बसतो. ‘जुडियन’चा आघात मधल्या अवयवावर धरला तर ओळ अडखळते. शिवाय दूरदेशीच्या लोकांना रत्नांची किंमत कळत नाही ही समजूत तेव्हाच्या इंग्लंडमध्ये रुळलेली होती.

पोथीवाला (पंचवटी)

मला उलट वाटते. नकलकार कठीण शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा कठीण सहसा करत नाही, हा आपल्याकडच्या पाठचिकित्सेतही नेहमीचा अनुभव आहे. आमच्या घरी बासनात जपलेली ज्ञानेश्वरीची एक पोथी आहे. तिच्या एका पानावर ‘घ’वर पिवळा हरताळ लावून वर ‘ध’ काढला आहे. उजेडात तिरपे धरले की खालचे अक्षर अजून दिसते. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार इथूनच आला. पोथीच्या शेवटी नेहमीचा श्लोक आहे: जसे पुस्तक पाहिले तसेच मी लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तीही अशाच नकलांतून वाढलेले अपपाठ पाहून. तेव्हा शेक्सपिअर वीस वर्षांचा होता, हे लिहिताना मला दर वेळी भरून येते.

‘जुडियन’ म्हणजे येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत असे धरले, तर पुढे ऑथेल्लो मरता मरता डेस्डेमोनाचे चुंबन घेतो त्याला केवढा अर्थ येतो, हे पाहावे. यहूदाने येशूला चुंबन घेऊनच शत्रूंच्या हाती दिले होते.

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. मात्र ‘यहूदी’ असे लिहिले तर एका माणसाच्या विश्वासघाताचा डाग साऱ्या समाजावर पडेल, आणि ‘हिंदी माणूस’ लिहिले तर आपले श्रोते ते स्वतःवर घेतील.

खिळेजुळणी

ताई, तुमची दुसरी काळजी थोडी कमी करता येईल. तेव्हाच्या इंग्रजीत ‘इंडियन’ हा शब्द आपल्याकडच्या लोकांना लावत तसाच अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनाही लावत, त्यामुळे ‘दूरदेशीचा अजाण’ असे लिहिले तरी अर्थाला धक्का लागत नाही.

पोथीवाला (पंचवटी)

आणि दुसरा पाठ घेतलाच, तर ‘यहूदी’ न लिहिता ‘यहूदीयातला तो’ असे लिहावे. मराठी बायबलमुळे प्रांताचे नाव आणि यहूदाचे नाव दोन्ही कानाला ओळखीची आहेत, त्यामुळे इंग्रजीतली सूचकता इथे आयतीच मिळते आणि बोट एकाच माणसाकडे राहते. फक्त न छापलेला पाठ तळटीपेत अवश्य द्या; त्यावर हरताळ फासू नका.

गोदाकाठ (नाशिक)

येत्या रविवारी दोन्ही मसुदे मोठ्याने वाचून पाहतो. छापताना ‘दूरदेशीचा अजाण’ वर राहील आणि ‘यहूदीयातला तो’ तळटीपेत जाईल, 1622 आणि 1623 या दोन्ही सालांसह.