गाठीचा उरलेला जिवंत तुकडा संशोधनाला द्यावा का?

केळीवाला, रावेर
नानांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. खरवडलेले तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला मीच नेले. पांढुरके, भिजलेल्या शेवयांसारखे. कॅन्सर निघाला.

फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, हे नंतर कळलं. ताजे तुकडे लगेच प्रयोगशाळेत गेले, तर त्यातल्या पेशींपासून जेलमध्ये बारीक गोळे वाढवता येतात (ऑर्गनॉइड), किंवा पातळ काप काही दिवस जगवून त्यावर औषध तपासता येतं. निदानाला लागेल तेवढं ठेवून उरलेलं द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आपण टिश्यू कल्चरची केळी लावतो. सगळी रोपं एकसारखी, म्हणून रोग आला की अख्खा बाग धोक्यात. प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनातही वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच त्या पेशी वापरतात: एलएनकॅप नावाच्या पेशी 1977 साली एका रुग्णाच्या लसिका गाठीतून घेतलेल्या, पीसी-3 दुसऱ्याच्या हाडातल्या. पीसी-3 तर पुरुषी हार्मोनशिवायच वाढतात. नानांचा उपचार मात्र ते हार्मोन बंद करण्याचाच आहे!

तापीकाठ, भुसावळ
दादा, माझा विरोध आहे. 1951 मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या. त्या जगभर विकल्या गेल्या, घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. आणि आपल्याकडे? सासऱ्यांपुढे ऑपरेशनच्या सकाळी इंग्रजी कागदांची चळत ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "कोठे सही करू?" याला संमती म्हणायचं?

लॅबवाला, धुळे
मी रोज असेच नमुने हाताळतो. प्रोस्टेटच्या पेशी जगवणं फार किचकट काम आहे. 2014 मध्ये अमेरिकेतल्या गटाने रुग्णांपासून ऑर्गनॉइडचे, सतत वाढवत ठेवता येतील असे, 7 संच तयार केले, त्याचीही केवढी मोठी बातमी झाली. आधी तालुक्याला पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि बायोप्सी वेळेवर होऊ द्या. आमच्याकडे येणारे कितीतरी जण हाडं दुखायला लागल्यावरच येतात.

केळीवाला, रावेर
लॅबवाले भाऊ, पीएसए हवंच, पण हाडापर्यंत गेलेल्यांना औषध कुठून आणायचं? ते हार्मोन बंद करणाऱ्या इंजेक्शनला दाद देईनासे होतात, तेव्हा नेमकं काय बदलतं हे त्यांच्याच पेशीत दिसणार.

ताई, सहीचं तुमचं बरोबर आहे. काल नानांना विचारलं. म्हणाले, "बाटलीत घालण्यापेक्षा दिलं असतं."

तापीकाठ, भुसावळ
नाना मोठ्या मनाचे आहेत. पण हे त्यांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मराठीत, कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसून विचारायला हवं होतं. "नाही म्हणालात तरी उपचार तोच होईल," हेही सांगून. तसं विचारणारा माणूस दवाखान्यात दिसेल, त्या दिवशी मी विरोध सोडेन.