श्रेयांक खात्यात जमा, महाविद्यालयात अमान्य: बदलून येणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे?

इंदिरानगरचे एक पालक (मूळ मुद्दा)

माझ्या भाचीने दुसऱ्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयातून बी.एस्सी.चे पहिले वर्ष एकही विषय न राहता पूर्ण केले. वडिलांची बदली सातपूरला झाल्यामुळे तिने दुसऱ्या वर्षासाठी नाशिकमध्ये अर्ज केला. उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्या श्रेयांक बँकेच्या तिच्या खात्यात 44 श्रेयांक आहेत. जुने कोणते विषय नव्या अभ्यासक्रमाच्या तोडीचे धरले, हे दाखवणाऱ्या समकक्षतेच्या तक्त्यात मात्र 32 धरले आहेत. नाकारलेल्या 12 पैकी चार रसायनशास्त्राच्या एका विषयाचे आहेत आणि तेथे 'अभ्यासक्रम जुळत नाही' असा शेरा आहे, तो मी समजू शकतो. परंतु भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण, भाषा आणि एक खुला वैकल्पिक विषय, असे दोन-दोन श्रेयांकांचे चार विषयही केवळ शीर्षक वेगळे आहे म्हणून बाद झाले. आता सत्राचे नेहमीचे 22 श्रेयांक सांभाळून तिने हे सारे पुन्हा करायचे आहे. हा तक्ता मिळावा म्हणून वर्षभराच्या अभ्यासक्रमाच्या छायाप्रती काढून प्रत्येक पानावर जुन्या महाविद्यालयाचा शिक्का आणावा लागला, आणि त्यासाठी दोन खेपा झाल्या, हे वेगळेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये श्रेयांक बँकेचे विनियम आणले, ते विद्यार्थ्याचे शिक्षण त्याच्याबरोबर जावे म्हणूनच ना? श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवावेच लागतात, तेव्हा कोणी ठिकठिकाणचे श्रेयांक जमवून पदवी 'गोळा करील' ही भीतीही फारशी उरत नाही. माझे म्हणणे असे की, श्रेयांक मान्य होणे हा नियम असावा, आणि नाकारायचे असल्यास त्याचे कारण महाविद्यालयाने विषयागणिक लेखी द्यावे.

कॉलेज रोडवरील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे

आपल्या भाचीची अडचण खरी आहे, तरीही आपल्या मागणीशी मी सहमत नाही. एक श्रेयांक म्हणजे वर्गातील साधारण 15 तास किंवा प्रयोगशाळेतील 30 तास. त्या तासांत काय झाले, हे आकड्यावरून कळत नाही. मागील वर्षी माझ्याकडे प्रात्यक्षिकांचे पूर्ण श्रेयांक घेऊन आलेला एक विद्यार्थी ब्युरेटमधील (द्रावण मोजण्याच्या खुणांच्या नळीतील) पोटॅशियम परमँगनेटच्या पातळीचा खालचा वक्र शोधत बराच वेळ डोळे ताणून उभा होता. गडद द्रावणात तो वक्र दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते, कारण तेथे प्रयोग फळ्यावर झाले होते. मुलगा हुशार होता, दोष त्याचा नव्हता. पण दुसऱ्या वर्षाचे प्रयोग मी त्याला कोणत्या पायावर शिकवायचे? 'आधी मान्य, मग कारण' असा नियम झाला की, प्रवेशाच्या घाईत कारणे लिहीत बसण्यापेक्षा सगळेच मान्य करून टाकण्याकडे कल राहील, आणि त्याची किंमत विद्यार्थी तिसऱ्या सत्रात मोजेल.

अंबडमध्ये नोकरी करणारे अभियंते

मी तंत्रनिकेतनातून पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला आलो. पहिल्या वर्षाचे गणिताचे विषय, एम-वन आणि एम-टू, आम्ही पदवीच्या मुलांप्रमाणे केलेले नव्हते, त्यामुळे एम-थ्रीने आमच्या गटातील निम्म्या मुलांना घाम फोडला. माझाही तो विषय एकदा राहिला. तरीही प्रथम वर्ष पुन्हा करा, असे आम्हाला कोणी म्हटले नाही. आम्ही वर्कशॉपमध्ये लेथवर हात काळे केले होते, त्याची काही किंमत धरली गेली. सरांना विचारावेसे वाटते की, पदविकेच्या मुलांवर इतकी वर्षे टाकलेला हा विश्वास शेजारच्या विद्यापीठातून आलेल्या बी.एस्सी.च्या मुलीवर का टाकता येत नाही?

एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील कर्मचारी

दोन्ही बाजूंचे सगळे पटत नाही. आमच्या टेबलावर येते ती गुणपत्रिका, आणि तिच्यात विषयाचे नाव, श्रेयांक आणि श्रेणी एवढेच असते. पर्यावरणाचा विषय एका ठिकाणी 'पर्यावरण जागृती' तर दुसरीकडे 'शाश्वत विकास' या नावाने असेल, तर आत काय शिकवले हे आम्ही कोठून ओळखायचे? शिक्का मारलेल्या छायाप्रती त्यासाठीच मागतो. विद्यार्थ्याला त्रास द्यावा म्हणून नव्हे. विद्यापीठांनी आपापसांत समकक्ष विषयांची यादी आधीच करून ठेवली, तर पालकांच्या निम्म्या खेपा वाचतील. तोवर सही करणाऱ्यावर चौकशीची टांगती तलवार असते, आणि अशा वेळी माणूस 'नाही' लिहून मोकळा होतो, हेही मान्य करतो.

इंदिरानगरचे पालक

रसायनशास्त्राच्या चार श्रेयांकांबाबत सरांचे म्हणणे मला पटले. तो विषय ती पुन्हा करील. पण भारतीय ज्ञान प्रणालीच्या दोन श्रेयांकांवर दुसऱ्या वर्षाचा कोणता विषय उभा आहे? आयोगाच्याच नियमानुसार एका सत्रातील विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरून घरबसल्या करता येतात. मग वर्गात बसून, परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या विषयाला केवळ शीर्षकापायी बाद करणे, हे कोणत्या गुणवत्तेचे रक्षण?

रसायनशास्त्र शिकवणारे

त्या आठ श्रेयांकांबाबत माझ्याकडे उत्तर नाही. मुख्य विषय आणि प्रात्यक्षिके संबंधित विभागाने तपासावीत आणि बाकीचे विषय श्रेयांकांच्या संख्येवर मान्य करावेत, असे आपण मागत असाल तर माझा विरोध नाही. मात्र आपण सुरुवातीला तसे मागितले नव्हते. तेथे 'श्रेयांक मान्य होणे हा नियम' असे सरसकट लिहिले आहे. भाचीच्या अर्जात हे दोन गट वेगळे करून लिहा आणि तक्त्याची प्रत जोडून पुनर्विचाराची मागणी करा. चार श्रेयांकांच्या विषयाबरोबर ते आठही एकाच कागदावर गेले, तर त्यावर पुन्हा एकच शेरा पडण्याची शक्यता आहे.