पोस्ट-एक्झर्शनल मलेझला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: क्रॉनिक फटीग सिंड्रोमवरच्या संशोधनाची प्रश्नावली मराठीत करतेय, उद्या द्यायचीये. 'फटीग'ला थकवा लिहिलं तर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं विचाराल तर ८.०५ची अख्खी लोकल 'हो' म्हणेल. पण खरा घोळ पोस्ट-एक्झर्शनल मलेझचा. नुसती आंघोळ केली, फोनवर जरा जास्त बोललं तरी काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो, झोपून उठलं तरी उतार नाही, कधी कधी आठवडाभर. मी 'श्रमोत्तर अस्वास्थ्य' लिहिलंय आणि माझं मलाच हसू येतंय.

गिरगावकर: युद्धोत्तर जर्मनी आठवली. 'शीण' लिहा की सरळ! आमची आजी पापड लाटून झाले की म्हणायची, शीण आला गं बाई. मूळ संस्कृत क्षीण.

वैद्यबुवा: शब्द आहे आपल्याकडे, क्लम. सुश्रुताच्या शारीरस्थानात व्याख्याच आहे: आयासाशिवाय येणारा, धाप न लागणारा आणि इंद्रियांच्या कामात अडथळा आणणारा थकवा. एवढं नेमकं सोडून इंग्रजीमागे का धावायचं?

अनुस्वार: बुवा, तुमच्याच व्याख्येत 'आयासाशिवाय' आहे, तिला आयासानंतरचं हवंय. आणि भांडुपच्या काकूंना क्लम होतो का विचारलंत तर त्या म्हणतील, क्रीम लावते.

विरारफास्ट: अंग आंबणे!! विषय संपला. डोकंसुद्धा आंबतं, म्हणजे ते ब्रेन फॉग, डोकं न चालणं, पण आलं.

अनुस्वार: नाही संपला. पावसात गड चढून आलं की ठणठणीत माणसाचंही अंग आंबतं. इथे किती केल्यावर आणि किती वेळ, हे महत्त्वाचं ना?

भाषांतरवाली: तेच तर. आणि हा नुसता शब्दाचा कीस नाहीये. हा आजार कुणाला आहे हे ठरवायच्या १९९१च्या ऑक्सफर्ड निकषांत मुख्य अट म्हणजे सहा महिने थकवा, मलेझ असायलाच हवं असं नाही, त्यामुळे डिप्रेशनवालेही त्यात सहज बसायचे. १९९४च्या फुकुडा निकषांत थकव्याशिवाय आठपैकी चार लक्षणं लागतात, मलेझ त्या आठातलं एक, म्हणजे ते नसलं तरी पेशंट पास! २००३च्या कॅनेडियन निकषांत आणि २०१५च्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या रिपोर्टात मात्र ते सक्तीचं. मग एकाने एका चाळणीतून पेशंट घेतले, दुसऱ्याने दुसऱ्या, तर निष्कर्ष शेजारी ठेवून उपयोग काय. माझ्या एका वाक्यावर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरणारे.

गिरगावकर: सगळीकडे निकष निकष काय? स्टँडर्डला सरकारी शब्द मानक आहे.

वैद्यबुवा: मानक हिंदीतून आलेलं. निकष म्हणजे सोनाराचा दगड, कस आणि कसोटी त्याच घराण्यातले. झवेरी बाजारात जाऊन बघा, अजून घासतात.

गिरगावकर: आता मशीनमध्ये टाकतात हो, माझा मेव्हणा तिथेच आहे. आणि हिंदीतून आलं तर आलं, तुमचा 'रिपोर्ट' कुठून आला?

वैद्यबुवा: रिपोर्ट मी नाही लिहिला, ताईंनी लिहिला. मी अहवाल म्हणतो.

अनुस्वार: ताई, नाव देऊच नका. 'नेहमी झेपायचं तेवढंच काम केल्यावर, लगेच किंवा दुसऱ्या दिवशी तुमची तब्येत बिघडते का, आणि सावरायला किती दिवस लागतात?' असं विचारा. लांबलं तर लांबलं.

भाषांतरवाली: आवडलं, पण फॉर्मच्या रकान्यात दीड ओळच मावते. आणि वर शीर्षक लागतंच त्यांना. शिवाय 'क्रॉनिक'चं जुनाट करू का दीर्घकालीन?

विरारफास्ट: जुनाट. दीर्घकालीन म्हटलं की मला कर्ज आठवतं. त्यावरून, भाडं थकलं मधलं थकणं आणि माणूस थकला मधलं थकणं एकच का?

गिरगावकर: एकच. हप्ता चालता चालता थांबला की थकला.

वैद्यबुवा: साफ चूक. सविस्तर लिहितो रात्री.